दुसरी साक्षीदार

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. दुसरी साक्षीदार म्हणून म्हातारा स्वतःच्या मुलीलाच घेऊन आला, तेव्हाच माझं डोकं फिरलं.

"हिची सही असली की उद्या ही कोर्टात जाऊन बोंबलणार नाही," तो तिच्यादेखत म्हणाला. "अख्खा कारखाना पोराच्या नावे. लिहा, वकीलबाई."

कारखाना चालवत होती ती. लेथ मशीनवर उभं राहून तिच्या बोटांना घट्टे पडले होते. आणि पोरगा? उंडारायचा, प्यायचा, कामगारांच्या अंगावर धावून जायचा. बाप म्हणायचा, रागीट आहे जरा, मनाने वाईट नाही. म्हाताऱ्याला एकट्याला बसवून मी पुन्हा पुन्हा विचारलं. एकच धोशा, सगळं पोराला! मग मुलीला बाजूला घेतलं. "अगं, नको करूस सही. कुणाची जबरदस्ती आहे का?"

"जाऊ द्या हो मॅडम, बाबांना बरं वाटेल."

तिच्या कानफटात द्यावीशी वाटली मला.

म्हाताऱ्याने आमच्यासमोर सही केली. पहिला साक्षीदार म्हणून माझ्या कारकुनाने केली. मुलीने पेन उचललं आणि तेवढ्यात दार धाडकन उघडून तिचा भाऊ आत आला. बहीण बापाला वकिलाकडे घेऊन गेली, एवढंच कुणीतरी त्याला सांगितलं होतं. बाकीचं त्याने स्वतःच ठरवून टाकलं होतं.

"लिहून घेतेस काय, सटवे!"

त्याने तिचे केस धरले आणि डोकं टेबलावर आपटलं. कारकून मधे पडला, तर त्याच्या पोटात लाथ. तो कपाटावर जाऊन आदळला, वरच्या फायली धडाधड कोसळल्या.

"अरे, ऐक तरी!" म्हातारा ओरडत होता. ऐकतोय कोण! कागदांना भोकं पाडायचं लोखंडी मशीन टेबलावर होतं. ते उचलून त्याने तिच्या पेन धरलेल्या हातावर हाणलं. ती किंचाळली. त्याने पुन्हा हाणलं. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

कायदा-बियदा गेला चुलीत! मी खुर्ची उचलली आणि त्याच्या गुडघ्यांवर घातली. तो खाली पडला, मशीन हातातून निसटलं. ते मी पायाने दूर ढकललं.

"गाढवा, वाच!" मी कागद त्याच्या अंगावर फेकला. "सगळं तुझ्या नावावर आहे! तुझ्यासाठी सही करत होती ती!"

त्याने जमिनीवर बसूनच वाचलं, ओळीवर बोट ठेवून. मग वर बघितलं. "हिची सही कुठाय?"

"हात मोडलास ना तिचा!"

मला वाटलं, आता तरी रडेल, तिचे पाय धरेल. तो लंगडत तिच्याजवळ गेला, कागद तिच्यापुढे ठेवला, खाली पडलेलं पेन उचललं आणि तिच्या डाव्या हातात कोंबलं.

"ह्या हाताने कर. कर ना ताई, एवढीच राहिलीय."

ताई म्हणाला, मेला!

म्हाताऱ्याने काठी उचलली आणि पोराच्या तोंडावर मारली. ओठ फाटला, रक्त हनुवटीवरून शर्टावर आलं. म्हाताऱ्याने कागद घेतला आणि टराटरा फाडला. कारकुनाने पोट धरून पोलिसांना फोन लावला.

"वकीलबाई, नवीन लिहा. कारखाना पोरीला."

रागाच्या भरात लिहिलेलं कोर्टात टिकवताना घाम फुटतो. "आज नको," मी म्हटलं. "आधी हिला दवाखान्यात नेऊ. मग सावकाश बघू."

"सावकाश नाही," मुलगी म्हणाली. चेहरा पांढराफटक, हात छातीशी धरलेला. आवाज मात्र असा, की मी तिच्याकडे बघतच राहिले. "दवाखान्यात माझी मी जाईन. बाबा, तुम्ही इथून उठायचं नाही. मॅडम, लिहायला घ्या."

आणि ती एकटीच जिना उतरून गेली.