मला उचलायला चौघं लागतात

मी पलंग बोलतोय. तुमच्या घरातला, दुपारच्या जेवणानंतर आडवं व्हावं तसला पलंग नव्हे. दवाखान्यात असतो तसला मी लोखंडी पलंग. माझ्या पायथ्याशी एक हँडल आहे. ते फिरवलं की डोक्याकडची बाजू हळूहळू वर येते आणि दिवसभर छताकडे पाहणाऱ्या माणसाला खिडकीबाहेरचं निंबाचं झाड दिसतं. घाटंजीत बुद्धविहाराच्या मागे एक टिनाची खोली आहे, तिथे माझा मुक्काम असतो. मुक्काम म्हणायचा एवढंच. वर्षातले दहा महिने मी कोणाच्या ना कोणाच्या घरीच असतो.

माझा जन्म नागपूरच्या एका कारखान्यातला. ज्या कारागिरानं मला जोडलं, त्यानं पायांचे बोल्ट असे काही आवळले की पुढे ते कोणालाच उघडता आले नाहीत. त्यामुळे मी सुटा होत नाही. जायचं तर अख्खा जातो, आणि त्यासाठी चार कोपऱ्यांना चार माणसं लागतात. तिघांनी भागत नाही, मी कलंडतो. माझी सगळी कहाणी या एका अडचणीभोवती फिरते.

कापडदुकानवाले देवीलाल यांनी मला त्यांच्या वडिलांसाठी घेतलं होतं. अकरा महिने मी त्या म्हाताऱ्याची पाठ सांभाळली. ते गेले, तेरवी झाली, आणि घरची माणसं मला वळसा घालून चालू लागली. गेलेल्या माणसाची गादी देऊन टाकता येते, कपडे देता येतात. लोखंडाचं काय करावं ते कोणालाच सुचत नाही. मग माझी रवानगी गच्चीवर झाली. दोन उन्हाळे माझ्यावर मिरच्या वाळल्या, कुरड्या वाळल्या. एका मांजरीनं माझ्याखाली पिल्लं घातली. मला त्याचं वाईट वाटलं नाही, पण हँडल गंजू लागलं तेव्हा मात्र जीव कळवळला.

त्याच सुमारास शीलाताई आल्या. शीलाताई विहाराजवळच्या गल्लीत राहतात. ओसरीवर मशीन टाकून साड्यांना फॉल-पिको करतात. त्यांची सासू चार महिने चटईवर पडून होती. पाठीला जखमा झाल्या होत्या. घास भरवायला उठवायचं म्हटलं तरी शीलाताईंना तिला छातीशी धरून बसावं लागे. सासू गेली, पण ते चार महिने शीलाताईंच्या मनातून गेले नाहीत. देवीलालच्या बायकोच्या साडीला फॉल लावताना गच्चीवरच्या पलंगाची गोष्ट निघाली, आणि सुई तशीच ठेवून त्या उठल्या.

"भाऊ, थो पलंग देता का? गरजूंच्या घरी फिरवू."

"न्या ना ताई, खुशाल न्या," देवीलाल म्हणाले. "पण वापस नका आणू."

मला न्यायला त्या तिघांना घेऊन आल्या. वेल्डिंगचं दुकान चालवणारे हाफिजभाई, बाजारात हमाली करणारा उकंडा आणि ऑटो चालवणारा धम्मरत्न. निवृत्त पोस्टमन पुंडलिकराव वाट दाखवायला पुढे होते. त्या दिवशी चौथा कोपरा शीलाताईंनीच धरला. हाफिजभाईंनी आठवडाभर माझ्यावर मेहनत घेतली. हँडलच्या आट्यांतला गंज काढला, नवा रंग दिला. पैसे विचारले तर म्हणाले, "ताई, लोहे को आराम नहीं होना. काम लावा याले."

असा 'हातभार' गट सुरू झाला. बघता बघता चौदा माणसं जमली. एक चाकाची खुर्ची आली, दोन वॉकर आले. मी माणसांना हातांवरून ओळखतो, आणि त्या हातांबद्दल मला फार आदर आहे. उकंडा न बोलता नेहमी डोक्याकडची जड बाजू धरायचा. हाफिजभाईंनी रोजा असताना, भर उन्हात, पाण्याचा घोट न घेता मला तीन गल्ल्या पार नेलं आहे. पुंडलिकराव पुढे जाऊन दारातल्या चपला आणि पोरं बाजूला करायचे. आणि शीलाताई! प्रत्येक घरून परतलो की त्या मला डेटॉलच्या पाण्यानं पुसायच्या, उन्हात ठेवायच्या. एखादा रोगी माझ्यावरून उठून चालू लागला असेल तर पुसता पुसता गुणगुणायच्या. तो गेला असेल तर गप्प राहून पुसायच्या. दोन्ही वेळा तितकंच स्वच्छ.

पाच वर्षं झाली आणि पुंडलिकरावांना कल्पना सुचली. सगळ्यांचा सत्कार करू! त्यात वाईट ते काय? हॉल घेतला, पाहुणे बोलावले. शाल, नारळ, फ्रेम केलेलं प्रमाणपत्र. एकेकाचं नाव पुकारलं, टाळ्या झाल्या, फोटो निघाले. उकंडा तेवढा बाहेर होता. भाड्याच्या खुर्च्यांची हातगाडी सोडून त्याला येता येईना. त्याचं नाव पुकारलेलं त्याला ऐकूच गेलं नाही. उरलेली शाल घाईघाईत पाहुण्यांनाच दुसऱ्यांदा पांघरली.

दुसऱ्या आठवड्यात मला एका घरून परत आणायचं होतं. शीलाताईंनी फोन लावले.

"ताई, आता झाला ना आपला सत्कार," धम्मरत्न म्हणाला. "आता नव्या लोकायले संधी द्या."

दुसरा म्हणाला, "पाच वर्षं केलं न ताई. प्रमाणपत्रबी भेटलं."

कोणी रागावलं नव्हतं, कोणी आळशीही झालं नव्हतं. आपल्याकडे हार गळ्यात पडतो तो निरोपाच्या वेळी. मास्तर निवृत्त होतात तेव्हा, साहेबांची बदली होते तेव्हा. या भल्या माणसांनीही तोच अर्थ घेतला. आपलं काम संपलं. शीलाताईंच्या हे ध्यानातच आलं नव्हतं.

मग त्यांनी गावाच्या व्हॉट्सॲप गटावर लिहिलं, 'स्वयंसेवक हवेत. कृपया पुढे या.' गटात दोनशेच्या वर माणसं. हात जोडलेली चित्रं आली, अंगठे आले, फुलं आली. 'खूप छान उपक्रम' असंही कोणी लिहिलं. माणूस एकही आला नाही. उकंडाच्या जोडीला हमाल लावून मला परत आणलं, आणि त्या खोलीत मी दीड महिना रिकामा पडलो. माझ्यासारख्याला रिकामं पडणं म्हणजे काय ते गच्चीवर दोन उन्हाळे काढलेल्यालाच कळतं.

अशात एका शनिवारी दीपा आली. तिची सासू मथुराबाई ओल्या अंगणात घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं, यवतमाळला ऑपरेशन झालं. सोमवारी घरी आणायचं होतं, आणि डॉक्टरांनी बजावलं होतं की जमिनीवर निजवायचं नाही.

"पलंग भेटन ना ताई?"

"भेटन," शीलाताई म्हणाल्या. दीपा गेली, आणि त्या माझ्या काठावर बसून राहिल्या.

संध्याकाळी उकंडा नेहमीसारखा विचारपूस करायला आला.

"उकंडाभाऊ, सोमवारी चौघं नाही जमले तर मी खोलीची चावी देऊन टाकते," शीलाताई म्हणाल्या. "पलंग एखाद्या दवाखान्याले देऊ. दर वेळी हमाल लावाले पैसे कुठून आणू? मी थकली आता."

"मी हावो ना."

"तुम्ही कसे काय येत राहिले? बाकी सगळे तर सुटले."

उकंडा हसला. "त्यायचा सत्कार झाला, ते सुटले. माह्या कुठं झाला? मले कोणी सोडलंच नाई, तं मी जाऊ कसा?"

शीलाताईंना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही. मग उकंडानं जे सांगितलं ते मी जन्मभर विसरणार नाही.

"ताई, तुम्ही फोनवर साऱ्यायले सांगतलं. म्हणजे कोणालेच नाई सांगतलं. आमच्या हमालीत पाहा. भारी पोतं असलं अन 'अरे, कोणीतरी धरा' म्हटलं, तं सारे एकमेकायकडं पाह्यतेत. पण 'ए धावजी, डावा कोना तुह्या' म्हटलं का धावजी धरते. नाव घेऊन कोना द्या लागते."

रविवारी शीलाताईंनी मशीनवर कापड टाकलं आणि निघाल्या. पहिल्यांदा हाफिजभाईंच्या दुकानी.

"हाफिजभाई, डोक्याकडचा उजवा कोपरा तुमचा. उद्या चार वाजता. अर्धा तास. मथुराबाईच्या घरी."

हाफिजभाईंनी डोळ्यांवरचा काळा चष्मा वर केला. "इतके दिवस मले काहून नाई बोलावलं ताई?"

"फोन केलता ना!"

"थे तं तुम्ही इचारलं, येता का म्हणून. मले वाटलं, नवे पोट्टे भेटले असतीन, आता या बुढ्याची जरूरत नाई." चष्मा पुसत ते म्हणाले, "शाल पेटीत ठेवून देली. पण दोन महिने झाले, मन नाई लागून राह्यलं."

पुंडलिकरावांचा गुडघा धरला होता. शीलाताईंनी त्यांना कोपरा दिलाच नाही. म्हणाल्या, "तुम्ही पुढं चला. चपला बाजूला करणारा माणूस नसला की आम्ही अडखळतो." पुंडलिकराव एवढे खूश झाले की तेव्हाच चपला घालून बसले. धम्मरत्नलाही कोपरा मिळाला, आणि तो लगेच हो म्हणाला.

सोमवार. पावणेचारला हाफिजभाई तेलाची बुधली घेऊन हजर. उकंडा हातगाडी घेऊन. पुंडलिकराव काठी टेकत. एक कोपरा शीलाताईंचा. आणि मग फोन आला. धम्मरत्नला ऐन वेळी पांढरकवड्याचं भाडं मिळालं होतं. तो कळवळून माफी मागत होता. चार वाजले, सव्वाचार वाजले. चौथा कोपरा मोकळाच. शीलाताईंनी कंबरेची चावी काढून हातात घेतली. मी ती पाहिली आणि माझं लोखंड गार पडलं.

तेवढ्यात दीपा धावत आली. "गाडी यवतमाळहून निघाली ताई! पलंग काहून नाई आला अजून?"

तिनं कोपऱ्यांशी उभ्या तिघांकडे पाहिलं, मोकळ्या कोपऱ्याकडे पाहिलं, आणि पदर खोचला.

"अवं सूनबाई, बायांचं काम नोहे थे," पुंडलिकराव म्हणाले.

"काहून? कापसाचं गाठोडं डोक्शावर घेतो थे चालते, अन सासूचा पलंग नाई चालत? अन या शीलाताई कोण आहेत मंग?"

"शीलाताईचं येगळं," पुंडलिकराव पुटपुटले, आणि चपला बाजूला करायला लगबगीनं पुढे गेले.

मी उचललो गेलो. तिचा हात बारीक होता, पण पकड अशी की हाफिजभाई म्हणाले, "वा बेटा!" हातगाडीवरून निघालो, गल्ली अरुंद झाली तिथे पुन्हा चौघांच्या हातांवर. दारातून मला आडवा करून, जरा तिरपा करून आत घेतलं. गल्लीच्या तोंडाशी गाडीतून उतरवून मथुराबाईला दारात आणलं तेव्हा माझ्यावर चादर घालून झाली होती. घामानं निथळणाऱ्या त्या चौघांना पाहून मथुराबाई म्हणाली, "माय वं! एवढी वरात तं माह्या लग्नातबी नव्हती."

शीलाताईंनी चावी परत कंबरेला लावली.

अडीच महिन्यांनी मथुराबाई वॉकर धरून हापशापर्यंत चालत गेली. त्या दिवशी दीपा आपणहून खोलीवर आली आणि म्हणाली, "पलंग पुढं कोणाकडं न्यायचा? माह्या कोना मी धरतो."

तेव्हापासून आमच्याकडे असंच चालतं. ज्या घरून मी निघतो, त्या घरचं एक माणूस पुढच्या घरी माझा कोपरा धरायला येतं. शीलाताई लगेच मागत नाहीत. घरात दुःख असेल तर महिना, दोन महिने त्या वाट पाहतात. काही जण येत नाहीत, त्यांचं नाव त्या पुन्हा काढत नाहीत. जे येतात, त्यांना त्या दिवस, वेळ आणि कोपरा सांगतात. काम झाल्यावर आपल्या ओसरीवर चहा पाजतात, आणि मधल्या काळात काम नसलं तरी कोणाच्या गुडघ्याची, कोणाच्या लेकीच्या बारावीची चौकशी करत राहतात. प्रमाणपत्र नाही, शाल नाही. आज एकवीस माणसं आहेत. त्यांतल्या नऊ बाया. धम्मरत्नही आला. वर्षभर त्यानं एक कोपरा चुकवला नाही.

मी आता म्हातारा होत आलो आहे. रंगाचे पोपडे निघालेत, हँडल फिरताना कुरकुरतं. पण इतक्या जणांचं ओझं पाठीवर घेतल्यावर मला एक गोष्ट ठामपणे सांगता येते. माणसं वाईट नसतात, ती नुसती वाट पाहत उभी असतात. आपल्याला कोणी बोलावलंच नाही, असं त्यांना वाटत असतं. अशांना हाक मारत फिरणाऱ्या शीलाताईसारख्या बाया प्रत्येक गावात असतात. त्यांच्या हाकेला ओ द्या, एवढंच माझं मागणं.

आज मला हुस्नाबींच्या घरी जायचं आहे. उकंडा आला आहे, हाफिजभाई आले आहेत, दीपा हातगाडीवर पोतं अंथरते आहे. धम्मरत्न मागच्याच आठवड्यात नोकरीसाठी पुण्याला गेला, त्याचा कोपरा वेळ पडली तर शीलाताई धरतील, पण त्यांना त्याच्या जागी नवा माणूस हवा आहे. शीलाताई फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन उभ्या आहेत. येणाऱ्या-जाणाऱ्याकडे त्या निरखून पाहत आहेत. तुम्ही याच बाजूनं येत असाल तर जरा दमानं या. त्यांनी तुमचं नाव आधीच विचारून ठेवलं आहे.