अंगावर काढलेलं दुखणं

मास्तरला मधुमेह निघाला तेव्हा त्याच्या ताईने कंबर कसली. शिवणकामात त्याचा हात धरणारा आळीत कोणी नव्हता, म्हणून सख्खी बहीणही त्याला मास्तरच म्हणे. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. खाली दुकान, वर दोन खोल्या.

ताईने साखरेचा डबा कुलपात टाकला. दुकानात गिऱ्हाईक असलं तरी जिन्यावरून ओरडायची, "गोळी घेतलीस का? की तीही मीच गिळू?" गिऱ्हाइकं हसायची. मास्तरही हसायचा, मान खाली घालून. साखर वाढलेली निघाली की ती दोन-दोन दिवस अबोला धरायची.

हळूहळू मास्तर शहाणा झाला. बिस्किटं अस्तराच्या गठ्ठ्यामागे गेली, आणि तो स्वतः वहीत टिपायचा ते साखरेचे आकडे कायम गुणी येऊ लागले. ताई शेजारणीला ऐटीत सांगे, "धाक असला की माणूस सरळ चालतो!"

एक दिवस मापं घेताना तो लंगडला.

"काय रे?" ताईने विचारलं.

"काही नाही, मुंग्या आल्यात."

तिसऱ्या दिवशी त्याला सणसणून ताप भरला. ताईने मोजा ओढला आणि वासानेच मागे सरली. तळव्यात सुई मोडून राहिली होती. पाय बधिर, त्यामुळे टोचली तेव्हा कळलंच नव्हतं. लंगडण्याच्या खूप आधीच मोज्याला रक्त दिसलं होतं; तेव्हा त्याने पट्टी बांधली आणि तो गप्प बसला.

"तीन आठवडे अंगावर काढलंत? घरी तरी सांगायचं!" दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

ताई दाराबाहेर फॉर्म भरत होती. तिला ऐकू जाणार नाही असं मास्तरला वाटलं.

"ताई फार चिडते हो," तो हळूच म्हणाला. "जीव टाकते माझ्यावर, पण चिडते."

ताईच्या हातातलं पेन तिथंच थांबलं.

पायाची दोन बोटं काढावी लागली. घरी आल्यावर तिने डब्याचं कुलूप काढलं. आता रोज सकाळी ती त्याचा पाय मांडीवर घेऊन बोटांच्या बेचक्या बघते. आकडा कितीही येवो, "बरं, जेवून थोडं चालू या," एवढंच म्हणते आणि स्वतःही बरोबर निघते.

"चुकलं रे माझं," एकदा तिने म्हणून टाकलं.

"तुझं काय त्यात? सुई माझीच होती."

पण तिने नुसतं "कसं वाटतंय?" विचारलं, तरी मास्तर आधी तिचा चेहरा वाचतो आणि मग उत्तर देतो. तेवढा एक क्षण तिला रोज नव्याने टोचतो.