बारा हात पटका

काशम्मानं दाराची कडी तिसऱ्यांदा वाजवली आणि कढत पाण्याची घागर उंबऱ्यावर टेकवली.

"भावजी, पाणी काढलंय. उटा आता."

आतून नुसता खोकला आला. चन्नप्पा जागा होता, पण विधवा भावजयीच्या हाकेसरशी उठेल तो चन्नप्पा कसला! वळसंगात निम्मा गाव त्याच्या शब्दावर उठायचा आणि बसायचा. इथं, केदारनाथाच्या दोन कोस अलीकडं, या दगडी खोपटात त्याचं ऐकायला तिघंच होते. एक त्याची बायको शिवबाई. दुसरी त्याच्या धाकट्या भावाची बायको काशम्मा. आणि तिसरा सोलापूरच्या स्टेशनावर टांगा हाकणारा गैबीसाब.

गैबीसाबला बरोबर घेतलं होतं ते खेचरांसाठी आणि हिंदी बोलण्यासाठी. मोठ्या लढाईत त्यानं पलटणीची खेचरं सरहद्दीच्या डोंगरांतून तीन हिवाळे हाकली होती, त्यामुळं त्याला बर्फ माहीत होतं. बाकी तिघांनी आजवर बर्फ पाहिलं होतं ते सोलापुरात, लाकडाच्या भुश्यात आणि तरटात गुंडाळलेलं.

आदल्या दिवशी काय झालं, तर चन्नप्पाची लिंगपूजा दीड तास चालली. अंघोळ, कपाळाला भस्म, मग गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घेऊन बसायचं. ती झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब नाही आणि घराबाहेर पाऊल नाही. चाळीस वर्षांचा नेम तो, डोंगर आडवा आला म्हणून मोडायचा होय? केदाराच्या वाटेतल्या बर्फाच्या उतारापाशी पोचेपर्यंत ऊन चांगलं चढलं होतं. गैबीसाबनं हात आडवा धरला.

"अण्णा, आज न्हाय जायचं."

"देवाच्या वाटंवर आडवनारा तू रं कोन?"

चन्नप्पाचा आवाज अजून चढायचा होता, तेवढ्यात वरून बर्फाचे दोन-चार गोळे घरंगळत आले आणि त्यांच्यामागं अख्खा उतार सुटला. वाट होती तिथं घराएवढा ढिगारा पडला. चौघांच्या तोंडावर गार फवारा आला. शिवबाई मटकन खाली बसली. आणि चन्नप्पानं काय म्हणावं?

"बगा, देवानंच वाट मोकळी केली."

काशम्माला त्या क्षणी त्याचा असा राग आला, की तिनं दातावर दात धरले. तिचा नवरा सिद्रामप्पा दोन वर्षांमागं हिवतापानं गेला. जाताना त्यानं तिचा हात धरून एकच मागितलं होतं, केदाराच्या पिंडीवर माझ्या नावानं एक तांब्या पाणी घाल. मागच्या बाजूनं गप चालायचं, या अटीवर चन्नप्पानं तिला आणलं होतं. ती पंधरा दिवस गप चालली होती. आता पीठ एका दिवसाचं उरलं होतं. आज उतार पार झाला तर केदार, नाहीतर माघारी. आणि माघारी गेल्यावर विधवेला एवढी लांबची वाट दुसऱ्यांदा कोण दाखवतंय!

म्हणून काल संध्याकाळी ती खेचरांपाशी जाऊन बसली होती आणि गैबीसाबला एकेक गोष्ट विचारून घेतली होती. खेचरं त्या बर्फावर चालणार नव्हती, त्यामुळं तो अलीकडंच थांबणार होता.

"राती गोठून दगड व्हतंय बगा वैनी," तो म्हणाला. "ऊन लागलं की सैल. मग खालून नुसतं एकाचं पाऊल पडलं तरी वरचं सगळं निसटतंय."

"खळ्यावरच्या राशीगत की."

"आक्षी तसंच! म्हनून ऊन वर टेकायच्या आत पल्याड. येका टायमाला येकच मानूस. मदी थांबायचं न्हाय. बोचकं पाठीला बांदायचं न्हाय, नुसतं खांद्यावर टाकायचं. वरनं आलंच, तर तोंडापुढं हात धरायचे, श्वासाला जागा ऱ्हाती. आन् कमरंला लांब कापड बांदून मागं फरफटत सोडायचं, लाल असलं तर ब्येस. मानूस गाडला तरी कापडाचं टोक वर दिसतंय. आमची चार मानसं तशीच काडली आमी."

आता खोपटात चन्नप्पानं अंघोळ केली आणि तो पूजेला बसला. घाई म्हणून नाही. भस्माची बोटंही रोजच्याच सावकाशीनं ओढत होता. बाहेर डोंगरांची कड उजळायला लागली होती. काशम्मा दारात उभी राहिली. लग्न होऊन आल्यापासून ती या माणसापुढं डोळे वर करून बोलली नव्हती.

"भावजी, पूजा झाली की या. मी आन् अक्का निघतो."

चन्नप्पाचे डोळे मिटलेलेच राहिले, पण बोटं कपाळावर थांबली. शिवबाईनं एकदा नवऱ्याकडं पाहिलं, एकदा जावेकडं, आणि देवाचं नाव घेत चपला पायात घातल्या.

दोघी आणि गैबीसाब उताराशी पोचले, तेव्हा उजाडलं होतं, पण ऊन कुठंच नव्हतं. बर्फ पायाखाली कडकड वाजत होतं. काशम्मानं आपलं जास्तीचं लुगडं कमरेला गाठ मारून मागं सोडलं, शिवबाईचं तिला बांधलं. इतक्यात मागून चन्नप्पा धापा टाकत आला. कपाळावर भस्माचा एकच पट्टा होता. पूजा पुरी झाली का, हे कुणी विचारलं नाही.

"हे काय सोंग?" लुगडी बघून तो म्हणाला.

काशम्मानं कारण सांगितलं आणि शिवबाईचं दुसरं लुगडं त्याच्यापुढं केलं. चन्नप्पा दोन पावलं मागं सरला.

"मी? बायकांचं लुगडं बांदू? वळसंगात त्वांड कसं दावू?"

"मग पटका सोडा."

झालं! बायकोसमोर ठीक, पण धाकट्या भावाच्या विधवेसमोर उघड्या डोक्यानं उभं राहायचं? घरात मयत झाल्याशिवाय डोक्यावरचं कोण उतरवतंय? चन्नप्पाचा चेहरा त्याच्या लाल पटक्याइतकाच लाल झाला. वर शिखराच्या टोकावर पिवळसर उजेड धरू लागला होता, आणि गैबीसाब तिकडंच टक लावून बघत होता.

काशम्मानं पाठ फिरवली, पदर डोळ्यांवर ओढून घेतला आणि खालच्या ओढ्याकडं तोंड करून उभी राहिली. तिचं बघून शिवबाईनं पाठ फिरवली. मग गैबीसाबनंही. तिघं जण पाठमोरे उभे राहिले. मग मागून कापडाची सरसर ऐकू आली.

"बांदला," चन्नप्पा घोगऱ्या आवाजात म्हणाला.

काशम्मा पहिली निघाली. पाऊल टेकवून, तोलून, दुसरं. मधे ढिगाऱ्यापाशी छाती एवढी धडधडली, की तिला वाटलं या आवाजानंच वरचं कोसळेल. ती थांबली नाही. पलीकडच्या खडकावर चढल्यावर तिनं हात वर केला. मग शिवबाई आली, सगळी वाट देवाला आणि सासरला आलटून पालटून बोल लावत. मग चन्नप्पा निघाला.

तो चांगला चालत होता. बारा हात पटका त्याच्यामागं बर्फावर सरकत होता. अर्ध्या वाटेवर ढिगाऱ्याचा उंचवटा लागला, त्यावर तो चढला, आणि तिथून दोन डोंगरांच्या फटीत लांबवर त्याला केदाराचा कळस दिसला. आता साठ वर्षांच्या माणसाला जन्मात पहिल्यांदा कळस दिसला, तर तो काय करील? चन्नप्पा उभा राहिला, त्यानं डोळे मिटले आणि दोन्ही हात जोडून तोंडापुढं धरले.

"अण्णा, चला! थांबू नगा!" गैबीसाब अलीकडून ओरडला.

एक गोळा घरंगळत आला. मग सगळंच आलं.

आवाज थांबला, तेव्हा उंचवट्याच्या जागी कुणी नव्हतं. शिवबाईनं किंकाळी फोडली आणि ती खडकावरून उतरायला निघाली. काशम्मानं तिला दोन्ही दंडांना धरून तिथंच दाबलं.

"अक्का, हितनं हलायचं न्हाय! वर बगत ऱ्हा. हललं की वरड, मला तेवडंच पायजे."

आणि ती स्वतः उतरली. डोळे पांढऱ्यानं दिपत होते. ढिगाऱ्याच्या खालच्या अंगाला तिला वीतभर लाल दिसलं. पटक्याचं टोक. तिला ते धरून ओढावंसं वाटलं, पण तिनं ओढलं नाही. कापड जिकडं बर्फात शिरत होतं तिकडं हातानं उकरत, कापडामागोमाग सरकत गेली. बोचक्यातलं पितळी ताट काढून तिनं त्यानं खणायला घेतलं. अलीकडच्या बाजूनं गैबीसाब आला आणि काठीनं बर्फ फोडू लागला. एक हात खोल, दीड हात. मग कोपर लागलं. मग खांदा. मग जोडलेले दोन हात, जसेच्या तसे तोंडापुढं, आणि त्यांच्यामागं निळा पडलेला चेहरा. त्यानं मोठ्यानं श्वास ओढला.

"जित्ता हाय!" गैबीसाब असा ओरडला, की डोंगरानं ते दोनदा ऐकवलं. "वैनी, जित्ता हाय की वो!"

काशम्मा रडत होती आणि हसत होती, आणि उकरायचं थांबत नव्हती. बाहेर काढल्यावर चन्नप्पाच्या पायात जीव नव्हता. तिनं त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला. ज्या भावजयीची सावलीही तो चुकवायचा, तिच्या खांद्यावर भार टाकून तो पलीकडं गेला, उघड्या डोक्यानं, आणि दोघांपैकी कुणालाही त्याचं काही वाटलं नाही. तिसऱ्या प्रहरी काशम्मानं केदाराच्या पिंडीवर सिद्रामप्पाच्या नावानं तांब्या रिता केला. येताना ते पहाट फुटताच उतार ओलांडून आले. काशम्मा पुढं होती.

वळसंगात यात्रेच्या मावंद्याच्या जेवणाला अख्खं गाव लोटलं. चन्नप्पाला हार घालून मांडवात मधोमध बसवलं होतं. मंगळवेढ्याहून पाहुणे आले होते, आणि पाच घरं पुढच्या वर्षी केदाराला निघायचं म्हणत होती. जेवणं उरकली, पानसुपारी फिरली, तसा सरपंचाच्या थाटात बसलेला एक म्हातारा पुढं सरकला.

"चन्नप्पा, त्या बर्फातनं कसं जायाचं ते तेवडं सांगा. आमी बी ऐकून ठिवतो."

मांडव सरसावून बसला. सगळ्यांना ठाऊक होतं, चन्नप्पा बोलायला लागला की दिवेलागण होते. त्यानं घसा खाकरला. मग गळ्यातला हार काढून बाजूला ठेवला आणि स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक मारली.

"काशम्मा! भाईर ये."

आत बायकांच्या हातातली भांडी थांबली. मंगल कार्यात विधवा मांडवात यायची नाही, हे लहान पोरालाही ठाऊक होतं. काशम्मा दारापर्यंत आली आणि ओले हात पदराला पुसत तिथंच थांबली.

"हितं ये," चन्नप्पा म्हणाला, आणि उठून जाजमावर मागच्या रांगेत, टांगा सोडून नुकत्याच आलेल्या गैबीसाबच्या शेजारी मांडी घालून बसला. मधली जागा मोकळी झाली.

काशम्मानं एकदा त्या जागेकडं पाहिलं. मग ती आली आणि बसली, पदर नीट केला, आणि तिनं मान वर केली.

"पयलं म्हंजी," ती म्हणाली, "उनाच्या आदी निगायचं."