सेरेनेडमधला श्वास

सेरेनेड म्हणजे प्रिय माणसाच्या खिडकीखाली वाजवायची रचना. तिघांची ही सेरेनेड मात्र नव्या घडणीची होती, तिच्यात ताल बांधलेलाच नव्हता. चेलोवाल्याने नाकाने जोरात श्वास घ्यायचा आणि त्या श्वासावर तिघांनी एकदम सुरू करायचं.

वहिनी व्हायोला, म्हणजे व्हायोलिनची जरा मोठी, खर्जातली बहीण, वाजवायच्या. वीस वर्षं त्या चेलो वाजवणाऱ्या नवऱ्याच्या श्वासावर सुरू करत आल्या होत्या. नवऱ्याला जाऊन चार महिने झाले होते. आता चेलोवर नवा माणूस होता आणि कार्यक्रम उद्यावर आला होता.

"ताई, परत आधी सुरू केलंत! मी श्वास घेतलाच नव्हता. म्हणजे, जगण्यापुरता घेत होतो."

व्हायोलिनवाले धाकटे दीर हसले नाहीत. "वहिनी, दादाचा ऐकू येतो ना?" त्यांनी हळूच विचारलं. "मलाही येतो. पण मी थांबतो."

"मी थांबले तर ते परत यायचे नाहीत हो, भाऊजी."

"आणि नाही थांबलात, तर उद्या त्याच्याच आवडीची रचना विस्कटेल."

वहिनींनी देवाचं नाव घेतलं आणि गज तारेवर टेकवला. भिंतीकडून तो श्वास आला, ओळखीचा, किंचित घरघरणारा. हात पुढे झाला, तो त्यांनी आवरला. मग नव्या माणसाने श्वास घेतला आणि तिघं एकदम सुरात उतरली.

"आत्ता कसं!" तो खुशीत म्हणाला.

वहिनी वाजवत राहिल्या. भिंतीकडे आत घेतलेला तो श्वास मात्र कोणी सोडल्याचं त्यांना शेवटपर्यंत ऐकू आलं नाही.