निमिष मराठीत बोलला

"बाबा, पाणी आहे का?"

भास्करने एकदम ब्रेक दाबला. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न मारला, शेजारून जाताना दोन शिव्याही हासडल्या. भास्करला त्या ऐकूच आल्या नाहीत.

"काय म्हणालास?"

"पाणी. घसा कोरडा पडलाय."

भास्करने बाटली दिली, पोराने ती घटाघटा संपवली आणि खिडकीला डोकं टेकून डोळे मिटले. अंगात युनिव्हर्सिटीच्या टीमची लाल मातीने माखलेली जर्सी, गुडघे सोललेले. ऑस्ट्रेलियातल्या टूवूंबातली थंडी म्हणजे नुसता वारा, गाडीच्या फटीतूनही आत येतो. पण भास्करला त्या क्षणी थंडी वाजत नव्हती, काहीच वाजत नव्हतं.

आता कुणी म्हणेल, पोराने बापाकडे पाणी मागितलं, त्यात गाडी थांबवण्यासारखं काय? सांगते. हा निमिष शाळेत जाईपर्यंत खणखणीत मराठी बोलायचा. शाळा सुरू झाली आणि पाहता पाहता सगळं मराठी कुठे गेलं कुणास ठाऊक. बाप मराठीत विचारणार, लेक इंग्रजीत उत्तर देणार. भास्करने मग घरात कायदा केला: मराठीत माग, मग मिळेल. पाणी असो, चॉकलेट असो, गाडीची किल्ली असो. पोरगं एवढं हट्टी की तहानेलं झोपेल, पण "वॉटर" म्हणायचं सोडणार नाही. शेवटी त्याची आई, लीनाच गुपचूप पेला नेऊन द्यायची. हौस म्हणून ब्रिस्बेनच्या मंडळात गणपतीला नेला, तर आरतीला नुसते ओठ हलवले. इस्लामपूरहून अक्काचा, म्हणजे भास्करच्या थोरल्या बहिणीचा, व्हिडिओ कॉल आला की "हाय अक्का, आय ॲम गुड" एवढं बोलून साहेब पसार. आणि आज, एकोणीस वर्षांचा घोडा झाल्यावर, कुणी न सांगता, घसा कोरडा पडलाय म्हणतो!

"निमिष," भास्करने भीत भीत विचारलं, "भूक लागली का रे?"

"दूधभात," निमिष डोळे न उघडता म्हणाला.

भास्करला रडूच यायचं बाकी होतं.

भास्कर तसा चारचौघांसारखा माणूस. इथे अकाउंटिंग शिकायला आला, पास झाला, पण त्या पदवीला कुणी दार उघडलं नाही. धान्याच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवायला लागला तो आजतागायत. लीना वृद्धाश्रमात केअरर. स्वतःचं घर झालं, मागे कढीपत्ता लागला, त्यातच दोघांना समाधान. निमिषला मात्र देवाने वाऱ्याचे पाय दिले. इथे फुटी म्हणजे पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, चेंडू काखेत मारून पळायचं आणि समोरच्या दांडग्यांनी अंगावर पडून अडवायचं. निमिष युनिच्या टीमकडून पळायला लागल्यापासून भास्करही क्लबाचा झाला. शनिवारी दुपारी मैदानाकडेच्या उंचावरच्या पत्र्याच्या खोलीत बसून तो घड्याळ सांभाळायचा. हाफ संपला की भोंगा वाजवायचा. फुकटचं काम, पण मान मोठा. क्लबाच्या मीटिंगमध्ये टाइमकीपरलाही एक मत असतं.

आणि या मोसमात त्या मताला भाव आला होता. क्लबात एकच वाद पेटलेला: खेळाचा वेग कमी करायचा का? फिजिओ मेगन म्हणत होती, डोक्याला मार लागल्याचा नुसता संशय आला तरी भोंगा वाजवा, घड्याळ थांबवा, पोराला बाहेर काढून सावकाश तपासा. शिवाय दर हाफमध्ये एकदा सगळ्यांनाच दोन घोट पाणी पिऊ द्या. दमलेली पोरंच जास्त आपटतात. कोच ग्रेग म्हणत होता, मग खेळ कशाला, पिकनिकच काढू. वेग गेला की फुटी गेली. भास्करने ग्रेगला केव्हाच शब्द दिला होता, "नो वरीज मेट, माझा हात तुझ्या बाजूने." देणारच की! पोराची सगळी कमाई वेगाची. पुढच्या शनिवारी ब्रिस्बेनच्या मोठ्या क्लबाची माणसं खास निमिषला पळताना बघायला येणार होती.

आजच्या मॅचमध्ये निमिषच्या कानशिलावर एकाचा खांदा बसला होता. भास्करने वरून पाहिलं, भोंग्याकडे हातही गेला. पण निमिष उठला, हसला, अंगठा दाखवला आणि पळाला. खेळ थांबलाच नाही. भास्करही मग घड्याळाकडे बघायला लागला.

लीनाची शनिवार-रविवार ड्यूटी होती. शनिवारी ती घरी आली तेव्हा निमिष झोपलेला, आणि सकाळी तो उठायच्या आत ती गेली. भास्करने तिला मुद्दाम काही सांगितलं नाही. सरप्राइज!

रविवारी सकाळी निमिष म्हणाला, "बाबा, पडदा ओढ ना. उजेड लागतो डोळ्यांना." भास्करने आनंदाने पडदा ओढला. उजेड लागतो! हा शब्दप्रयोग पुण्यातल्या पोरांनाही सुचणार नाही, असं त्याच्या मनात आलं. मग राहवेना म्हणून इस्लामपूरला कॉल लावला. निमिष उशीतूनच म्हणाला, "अक्का, तू कशी आहेस? तुझी मांजर कुठाय?" अक्का पदर डोळ्याला लावून म्हणाली, "माझ्या वासरा!" ती मांजर जाऊन वर्षं झाली होती, पण एवढ्या आनंदात ते कोण बघतंय.

दुपारी लीना घरी आली. भास्करने तिला चप्पलही काढू दिली नाही.

"लीना, ऐक. फक्त ऐक. निमिष, आईला सांग काय हवंय."

"आई, दूधभात दे," निमिष सोफ्यावरून म्हणाला. "मऊ कालव."

लीना हसली. आणि मग तिचं हसू तसंच अर्धं राहिलं. हातातली पिशवी तिने खाली ठेवली.

"कधीपासून बोलतोय असा?"

"कालपासून! मॅचनंतर. म्हटलं ना मी, रक्तात असतं ते, कधीतरी वर येतंच."

"भास्कर, आमच्याकडे त्या इटालियन आजी आहेत बघ. सगळा जन्म इथे इंग्रजीत गेला त्यांचा. बाथरूममध्ये पडल्या, डोकं आपटलं, आणि दुसऱ्या दिवसापासून नुसतं इटालियन." ती निमिषजवळ गेली, त्याची हनुवटी वर केली. "बाळा, काल मॅच कोण जिंकलं?"

निमिष बराच वेळ आईकडे बघत राहिला. "मॅच उद्या आहे ना, आई?"

आपण काल दुपारपासून ज्याला सणासारखं साजरं करत होतो ते पोराचं दुखणं होतं, हे भास्करच्या डोक्यात शिरायलाही वेळ लागला. तोवर लीनाने गाडीची किल्ली घेतली होती.

हॉस्पिटलमध्ये स्कॅन झाले. रक्तस्राव नव्हता, देवाची कृपा. पण डॉक्टरीणबाईंनी बजावलं, मेंदूला मार बसलाय, त्याला विश्रांती द्या. पुन्हा तपासून सांगेपर्यंत खेळणं बंद. एवढ्यात दुसरा मार बसला तर काय होईल ते मी तुम्हाला सांगणार नाही, असं म्हणाल्या आणि ते न सांगणंच जास्त झालं.

सोमवारी निमिष बराचसा ताळ्यावर आला. म्हणजे इंग्रजीवर आला.

"डॅड, यू कान्ट टेल ग्रेग. इट्स वन गेम. आय ॲम फाइन."

"डॉक्टर काय म्हणाल्या?"

"इट्स माय हेड!"

"आणि तू कुणाचा?" भास्कर म्हणाला.

निमिषने बापाचा हात धरला आणि तो हळूच म्हणाला, "बाबा, प्लीज. सांगू नको ना. ही एकच मॅच."

हे मराठी दुखण्याचं होतं की लबाडीचं, भास्करला काही कळेना. ज्या भाषेसाठी तो इतकी वर्षं जीव आटवत होता, त्याच भाषेत पोराने गळ घातली. नाही कसं म्हणायचं? तो गोदामात गेला तरी डोक्यात तेच. एक पॅलेट त्याने भलत्याच रांगेत नेऊन ठेवलं, सुपरवायझरने हटकलं तरी भान नव्हतं. लीना म्हणाली, "तू नाही सांगितलंस तर मी सांगेन." भास्कर म्हणाला, "नाही. आनंद मी केला, तर सांगणारही मीच."

बुधवारी संध्याकाळी क्लबाच्या हॉलमध्ये मीटिंग भरली. पोरं मागे उभी, त्यांत निमिष. ग्रेग तासभर बोलला, आणि वाईट नाही बोलला. पोरांवर जीव असलेला माणूस तो. म्हणाला, मी रोज या मुलांना बघतो, कुणाला बरं नसेल तर मला कळतं. मेगन आकडे सांगत होती, ते कुणी ऐकत नव्हतं. शेवटी मतांची वेळ आली तेव्हा भास्कर उठला. तो मीटिंगमध्ये कधी बोलायचा नाही. त्याचं इंग्रजी आधी मराठीत उठायचं, मग कपडे बदलून बाहेर यायचं.

"शनिवारी माझा मुलगा मराठीत बोलला," तो म्हणाला.

"गुड ऑन हिम, मेट!" मागून कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. निमिष तेवढा हसला नाही. त्याने मान हलवली, नको, नको.

"मी पण हसलो," भास्कर म्हणाला. "तो लहान असल्यापासून मी त्याची वाट बघत होतो. मी माझ्या बहिणीला फोन केला. मी त्याला दूधभात भरवला. सबंध एक दिवस मी घरात नाचत होतो. आणि तो आजारी होता. त्याला मॅच झाल्याचंही आठवत नव्हतं." तो ग्रेगकडे वळला. "ग्रेग, तू म्हणतोस तुला कळतं. मी त्याचा बाप आहे. माझ्या शेजारी बसला होता, माझ्याशी बोलत होता, तरी मला कळलं नाही. मग पळत्या खेळात तुला कसं कळेल?"

मेगनने आकड्यांचा कागद खाली ठेवला.

"मी गावाकडे कबड्डी खेळायचो. तिथे दम सुटला की बाद. मुकाट बाहेर जाऊन बसायचं. त्यात लाज नाही, कारण आपल्या टीमने गडी मारला की बाद झालेला परत आत येतो. आमच्या भाषेत दम म्हणजे ताकद, आणि दम खा म्हणजे थांब. शब्द एकच आहे." त्याने मागे निमिषकडे पाहिलं. "मी तुला शब्द दिला होता, ग्रेग. तो मी मोडतोय. निमिष शनिवारी खेळणार नाही."

दार आपटल्याचा आवाज आला. निमिष निघून गेला होता.

हात मोजले गेले. मेगनचा ठराव मंजूर झाला, पण काठावर, आणि तोही या एका मोसमापुरता. ग्रेगने शेवटपर्यंत हात वर केला नाही. बाहेर पार्किंगमध्ये मात्र तो भास्करजवळ येऊन उभा राहिला. "तू त्याचा शनिवार घालवलास, मेट," म्हणाला. "आय नो," भास्कर म्हणाला. दोघे आपापल्या गाडीत बसले.

ब्रिस्बेनची माणसं आली, दुसऱ्याच कुणाला बघून गेली. निमिष बापाशी बोलेना. मराठीत नाही, इंग्रजीत नाही, खाणाखुणांनीही नाही. ताट समोर आलं की उचलून खोलीत. भास्कर रोज संध्याकाळी दाराबाहेरून विचारायचा, "डोकं दुखतंय का रे?" आतून काही यायचं नाही. लीना मग आत जाऊन यायची आणि मानेनेच सांगायची, बरा आहे. कबड्डीत बाद गडी परत येतो खरा, पण त्यासाठी कुणीतरी गुण मिळवावा लागतो. इथे तो कसा मिळवायचा, ते भास्करला माहीत नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तपासलं, म्हणाल्या, आता सुधारतोय, मॅच बघायला हरकत नाही. त्यानंतरच्या शनिवारी लीनाला सुट्टी होती. ती निमिषला घेऊन मैदानावर आली आणि दोघं बाकावर बसली. दुसऱ्या हाफमध्ये एक पोरगा डोक्यावर आपटला आणि उठून पळायला लागला. भास्करने भोंगा वाजवला. सगळं मैदान थांबलं. प्रेक्षकांतून आरडाओरड झाली, "कम ऑन, टाइमकीपर!" भास्कर खोलीच्या खिडकीत उभा राहिला आणि पोरगा बाहेर येऊन बसेपर्यंत हलला नाही. बाकावर बसलेला निमिष खेळाकडे बघत नव्हता. तो वर, खिडकीकडे बघत होता.

घरी जाताना लीना मागे बसली, निमिष पुढे. गाडी बरीच पुढे आली.

"डॅड," निमिष म्हणाला. "गॉट एनी वॉटर?"

भास्करने गाडी कडेला घेतली. मागून लीनाने त्याच्या खांद्यावर बोटं ठेवली. पोरगा बोलला होता. पोरगा बरा झाला होता. पूर्वीसारखा, अगदी पूर्वीसारखा.

"मराठीत माग," हे शब्द इतक्या वर्षांच्या सवयीने भास्करच्या ओठांपर्यंत आले. ते त्याने गिळले, आणि बाटलीचं झाकण काढून ती पोराच्या हातात दिली.