डब्यातला लसूण

माल अधांतरी होता आणि घारीच्या पोटात मुरडा आला.

घार म्हणजे क्रेनवाली. साइटवर तिला सगळे घारच म्हणत. दिवसभर ती त्या उंच मनोऱ्याच्या टोकाला, काचेच्या केबिनमध्ये बसायची, आणि खाली कुणी घाम पुसायला हेल्मेट काढलं तरी वॉकीटॉकीवर तिचा आवाज खेकसायचा. बाईमाणूस वर कसं चढणार म्हणून ज्यांनी सुरुवातीला तोंडं वाकडी केली होती, तेच आता सळयांची जड मोळी उचलायची झाली की विचारत, "वर घार आहे ना?" ती केबिन तिनं भांडून मिळवली होती आणि तिच्यावर तिचा फार जीव होता.

पण पोटाला त्याचं काय! तिनं ओठ घट्ट मिटले, सळया अलगद मजल्यावर टेकवल्या, हूक मोकळा झाल्याची खूण मिळाली तशी शिडी धरली. त्या शिडीवरून भराभर उतरायचं नसतं, तसा नियमच आहे. नियम करणाऱ्याला कधी मुरडा आला नसावा.

ती परत आली तेव्हा मुकादम शिडीच्या तोंडाशी उभा होता. मागे अख्खी टोळी हात चोळत बसली होती.

"अगं, हे रोजचंच झालं," तो म्हणाला. "तू उतरलीस की सगळं काम ठप्प. मला वरच्यांना जाब द्यावा लागतो. आता पुन्हा अशी मधेच उतरलीस, तर केबिन दुसऱ्याला देईन आणि तू गोदाम सांभाळशील. राग मानू नकोस."

राग कसला मानायचा? त्याचं काही चुकत नव्हतं, आणि तेच तिला जास्त झोंबलं.

बरं, दुखण्याकडे तिनं कानाडोळा केला होता असंही नाही. डॉक्टरांनी रक्त तपासलं, शौच तपासलं, नळी घालून आतडं पाहिलं. सगळं स्वच्छ निघालं. "आतडं धडधाकट आहे, फक्त चिडकं आहे," ते म्हणाले. "दुसऱ्याला जे जाणवतही नाही, त्यानं तुमचं पोट थयथयाट करतं. कधी खाण्यानं, कधी काळजीनं. जिवाला धोका नाही, पण कशानं बिनसतं ते शोधायला हवं." त्यांनी तिला आहारतज्ज्ञ बाईंकडे धाडलं. त्या बाईंनी दूध, गहू, कांदा, लसूण, कडधान्यं, सफरचंद असं बरंच काही ताटातून उठवलं. हे कायमचं नाही, असंही बजावलं. काही आठवडे पोट निवू द्यायचं, मग एकेक जिन्नस परत आणायचा, थोडा थोडा, आणि एका वेळी एकच. दोन एकदम आणले तर भांडण कुणी काढलं ते कळत नाही.

घरचा स्वयंपाक सासूबाईंच्या हातात होता. लसणाशिवाय शेगडी पेटवणं म्हणजे त्यांच्या मते गॅस फुकट घालवणं. तरी सूनबाईसाठी त्यांनी ती लसणाची जाळीची टोपली उचलून माळ्यावर टाकली होती.

आणि तरीही पोट दुखायचं. गंमत अशी, की सुट्टीच्या दिवशी ते शहाण्यासारखं गप्प असायचं आणि कामाच्या दिवशी दुपार झाली की मुरडा हजर. घारीनं विचार करकरून डोकं पिकवलं. सुट्टीला ओट्याशी ती स्वतः उभी असायची. कामाच्या दिवशी डबा सासूबाई भरायच्या. मग आणखी पुरावा काय हवा! केबिनमध्ये डबा उघडला की ती आधी हुंगायची. लसणाचा वास कधीच यायचा नाही, आणि तिला वाटायचं, म्हातारी भलतीच हुशार आहे.

मुकादमानं दम दिला त्या संध्याकाळी तिच्यानं राहवेना. हेल्मेट खुंटीला अडकवलं आणि ती सरळ स्वयंपाकघरात गेली.

"आई, खरं सांगा. डब्यात लसूण घालता ना?"

सासूबाई पातेलं पुसत होत्या. "मी?"

"थोडासा. चवीपुरता. एवढ्याशानं काय होतंय, असं म्हणून."

"तुझ्या पोटाशी खेळेन होय गं मी?"

"मग सुट्टीच्याच दिवशी बरं का असतं? माझी केबिन चाललीय, आई! तुमच्या चिमूटभर चवीपायी!"

नवरा मध्ये पडायला आला. दोघींनी एकदम त्याच्याकडे पाहिलं, तसा तो काहीतरी आठवल्यासारखं करून बाहेर गेला. सासूबाईंनी पातेलं पालथं घातलं, फडकं पिळून वाळत टाकलं.

"उद्यापासून डबा तूच भर," त्या म्हणाल्या. "मी हात लावणार नाही."

त्यांनी आरडाओरडा केला असता तर घारीला बरं वाटलं असतं. ती भांडायला तयार होती.

दुसऱ्या दिवशी डबा तिनं स्वतः शिजवला, स्वतः भरला, झाकण स्वतः लावलं. आणि दुपारी मुरडा आला तो आलाच. दांड्यावरचा हात घामानं ओला, खाली माणसं, हुकाला माल, आणि ही बाई दातांवर दात रोवून बसलेली. खापर फोडायला आता कुणाचं डोकंही उरलं नव्हतं. मग तिच्या मनात भलतंच आलं. पोटाला ही केबिनच सोसत नसेल तर? हा विचार मात्र तिला सोसवेना. संध्याकाळी ती घरी न जाता तशीच आहारतज्ज्ञ बाईंच्या दवाखान्यात जाऊन धडकली.

बाईंनी शांतपणे विचारलं, "सकाळपासून तोंडात काय काय जातं, सगळं सांगा."

"भात. उकडलेलं अंडं. गाजर."

"पाणी?"

"वर असताना नाही. प्यायलं की उतरावं लागतं ना. म्हणून थेंब नाही."

"दिवसभर? घसा कोरडा नाही पडत?"

"पडतो की. म्हणून तर ही असते," असं म्हणत घारीनं एका गालातली गोळी दुसऱ्या गालात सरकवली.

बाई पुढे वाकल्या. "ही कसली गोळी?"

"पुदिन्याची. बिनसाखरेची आहे हं," घार जरा ऐटीतच म्हणाली. "दात किडायला नकोत. एक संपली की दुसरी. दिवसाला एक डबी होते."

"आणि सुट्टीच्या दिवशी?"

"घरी कशाला? घरी पाणी असतं."

बोलून गेली आणि तिचं तिलाच ऐकू आलं.

"साखरेऐवजी त्यात जे गोड घालतात, ते चिडक्या आतड्याला झेपत नाही," बाई म्हणाल्या. "डबीभर खाल्ल्या तर चांगल्या पोटालाही जुलाब होतील. चूक माझीही आहे. मी फक्त काय खाता ते विचारलं."

"पण हे काय खाणं आहे?" घार पुटपुटली. मग तिनं ती गोळी कागदात थुंकली. तिला सासूबाईंचं ते पातेलं पुसणं आठवत होतं आणि खुर्चीत बसवत नव्हतं.

सकाळी ती मुकादमासमोर उभी राहिली. "मला आतड्याचा त्रास आहे. पाणी प्यायला लागेल, आणि उतरायला दोन ठरलेल्या वेळा लागतील. काम अडणार नाही अशा."

मुकादम आपल्या बुटांकडे बघत राहिला. "सांगायचं ना आधी! मला वाटलं, तुला उंचीची भीती वाटायला लागली. म्हणून गोदामाचं बोललो."

"भीती? मला?"

"बरं, बरं. घे वेळा. काही दिवस बघू."

गोळ्या सुटल्या आणि मुरडाही गेला. वारा सुटून माल हेलकावे घ्यायला लागला की पोटात अजून बारीक कळ यायची, पण ती काळजीची होती आणि तिच्यासाठी शिडी उतरावी लागत नव्हती.

उरल्या सासूबाई.

"आई, माझं चुकलं," ती म्हणाली. "माझ्याच खिशातल्या गोळ्या होत्या."

"हं," सासूबाई म्हणाल्या.

"आता लसूण परत आणून बघायचाय. सुट्टीच्या दिवशी. तुम्ही घालाल?"

"मी? आणि दुखलं तर? नाव कुणाचं येणार?"

"लसणाचं."

सासूबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग स्टूल ओढलं आणि माळ्यावरची टोपली खाली काढली.

सुट्टीच्या संध्याकाळी घारीचं पोट टम्म फुगलं. मुरडा नव्हता, धावपळ नव्हती, हा त्रास वेगळाच होता, जड आणि गुबारा धरणारा. ती गरम पाण्याची पिशवी घेऊन पडली होती. सासूबाई येऊन शेजारी बसल्या.

"बघितलंस?" त्या म्हणाल्या. "मी एकदा जरी डब्यात घातला असता ना, तर हे असं झालं असतं. तेव्हाच कळलं असतं तुला." घारीला इतकी शरम वाटली, की तिनं पिशवी बाजूला सारून त्यांचा हात धरला. सासूबाईंनी तो सोडवून घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी माल टेकला, हूक रिकामा झाला. घार बाटलीतून घोटभर पाणी प्यायली आणि तिनं डबा मांडीवर घेतला. सकाळी ती उठायच्या आधीच तो भरून ठेवलेला होता. झाकण उघडलं, सवयीनं नाक खाली गेलं, तिनं ते मागे घेतलं आणि पहिला घास घेतला.

वॉकीटॉकी खरखरली. "घार, उतरायचंय का?"

"नाही," ती भरल्या तोंडानं म्हणाली. "जेवतेय."