लांब प्रश्नावलीचा हेवा

या, जरा जवळ सरकून बसा. देवाने कान दिलेत, ते अशाच गोष्टींसाठी. दोन जावांची गोष्ट सांगते.

दोघींना सांधेदुखी, दवाखानाही एकच. आजारी माणसाचं जगणं कसं चाललंय हे त्याच्याच तोंडून दोन प्रश्नावल्यांपैकी कुठली नीट काढून घेते, ते तिथले डॉक्टर ताडून बघत होते. थोरलीच्या वाट्याला आखूड आली. चालता येतं का, अंघोळ जमते का, दुखतं किती. चार-पाच खुणा की संपलं. धाकटीला मात्र पानंच पानं.

"अगंबाई, झोपेचं विचारतात! मनाचंसुद्धा!" धाकटी हरखली.

थोरलीने मान उंचावून तिची पानं मोजली. घरात तिला "चहा झाला का" याखेरीज कुणी काही विचारत नव्हतं. आणि हिला कागदसुद्धा खोदून खोदून विचारतो!

"मलाही तीच द्या," ती नर्सला म्हणाली.

"पुढच्या खेपेला अदलाबदल आहे, मावशी. दोन्ही भरल्याशिवाय तुलना कशी करणार?"

महिनाभर थोरली धुमसत राहिली. उत्तरंसुद्धा घोकून ठेवली, सगळी दुखणी धाकटीपेक्षा वरचढ.

शेवटी लांब प्रश्नावली हातात आली, आणि दुसऱ्याच पानावर बोटं आखडली. पेन्सिल धरवेना.

"खुणा जाऊबाई करतील," नर्स म्हणाली. "उत्तर मात्र तुमचंच हवं."

"हिच्यासमोर?"

पण धाकटी वाचायलाही लागली. "गेल्या महिन्यात मन शांत होतं का? नेहमी, कधी कधी, की कधीच नाही?"

थोरली घुटमळली. खोटं सांगितलं, तर ज्यासाठी एवढी तडफडली ते विचारणंच वाया जाणार.

"कधीच नाही."

"का हो?"

"तुझा हेवा वाटायचा."

धाकटीने कागदाकडे पाहिलं. "कारण विचारलेलं नाही इथे. नुसतं किती वेळा." तिने खूण केली. मग हळूच म्हणाली, "गेल्या खेपेला आधी हरखले, पण मग माझंही तेच झालं. तुम्ही चटकन सुटून उन्हात जाऊन बसलात, आणि मी सुजल्या बोटांनी पानं उलटतेय. असा जळफळाट झाला!"

"अगं मेले, बोलली का नाहीस?"

"तुम्ही कुठे विचारलंत?"

थोरलीने धाकटीचा हात ओढून मांडीवर घेतला. "आज कशी आहेत बोटं?"

"ठणकतायत."

"मग सावकाश वाच. मला घाई नाही."

मंडळी, देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या धाकटीची आठवण ठेवा. ठणकत्या बोटांनी तिने थोरलीचं शेवटचं पानसुद्धा पुरं केलं.